गाजरगवताला पाणी

— अहो अहो, ओरडू नका! भूत नाय मी, माणूसच आहे. भूत कशाला ओली ओढणी डोक्याला गुंडाळून खिडकीत बसंल? हळू बोला बाई, बैठकीत ऐकू जाईल — हां, अस्सं. तोंडावरचा हात काढा आता. घाबरल्या ना? माझंच चुकलं, मी पडदा सरकवायलाच नको होता, पण पावलं ऐकू आली, बांगड्या वाजल्या, अन् या मागच्या अंगणात बाईमाणसाची बांगडी वाजून किती दिवस झाले — राहवलंच नाय. तुम्ही सायलीच्या आई ना? मंग! आवाजावरून वळखलं. मघापासून भिंतीला कान लावून बसलेय मी, बैठकीत तुमचाच आवाज सगळ्यात मोठा. रागावू नका, चांगलंच म्हणू राहिले. पुरुषमाणसं कंपनी अन् पगार करत बसली, अन् तुम्ही सरळ विचारलं — पाणी किती दिवसाआड येतं? मी इथं एकटीच हसले. अन् हात धुवायच्या निमित्तानं मागचं अंगण बघायला आल्या, ते बी बरोबर केलं. आमच्या लेकीचं, तनुजाचं स्थळ बघायला गेलो तव्हा मी बी तेच केलं होतं — पोहे अर्धे टाकले, हात धुते म्हणलं, अन् त्यांची मोरी, टाकी, मागचं सगळं बघून आले. बैठक काय, पाहुणे येणार म्हणल्यावर कोणीबी झाडून ठेवतं.

काय? व्हय, मीच. सत्यमची आई. सत्यभामा नाव माझं. आता आमच्या ह्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते बी ऐकलंय मी — सत्यमची आई पिशोरला गेली भावाकडं, भावजयीची तब्येत बरी नाय. भावजय ठणठणीत आहे हो! बिचारीला खामखा आजारी पाडलं. आता तुम्ही म्हणाल, हे कसलं घर, जित्या बाईला मागच्या खोलीत ठेवून सांगतात गावाला गेली — थांबा, थांबा, लगेच पुढं जाऊ नका. तुमच्या पाया पडते. दोन मिनिटं ऐका अन् मंग जा. हां, तिथं टाकीपाशीच उभ्या राहा. जास्ती जवळ नको — नाय नाय, लागत नाय हे! माझं तुम्हाला लागंल म्हणून नाय म्हणत. तुमच्या पदराला जे चिकटलेलं असंल ते मला लागंल, म्हणून म्हणते.

कडीकडं कामून बघू राहिल्या? बाहेरून लावलीय, व्हय. कोणी कोंडलं-बिंडलं नाय मला. मीच लावायला सांगितली. खरंच सांगते. मागच्या खेपेला — पण ते नंतर. आधी ते कुंपणाच्या पल्याड बघा. ती पांढरी बारीक फुलं दिसतात ना, कमरेएवढी झाडं, पान थेट गाजराच्या पानासारखं? तेच. गाजरगवत. तुमच्याकडं बी असंलच, कुठं नाय ते? रस्त्याच्या कडंला, शाळेच्या मैदानात, नाल्यात, जिथं म्हणून मोकळी माती दिसली तिथं आहेच. कुठल्या परदेशी गव्हाच्या पोत्यातून आलं म्हणतात, अन् आता इथल्या गवताला जागाच ठेवली नाय त्यानं. आम्ही पडेगावात घर बांधलं तव्हा दौलताबाद रोडपर्यंत निस्ते मोकळे प्लॉट होते. पाऊस पडला की तरोटा उगवायचा, कुंजीर, पाथरी — मी ओटा भरभरून भाजी तोडून आणायची. दोन शेळ्या होत्या माझ्या, दिवसभर तिथंच चरायच्या. टिटवी अंडी घालायची मोकळ्या मातीत, कोणी जवळ गेलं की अशी ओरडायची, तुम्ही मघाशी ओरडल्या तशी. आता बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पान नाय शेळीनं तोंड लावावं असं. शेळ्या दिल्या देऊन. चुकून दोन-चार पानं खाल्ली तर दूध कडू यायचं, लेकरं थुंकायची.

त्याच्या फुलांची भुकटी, वाळलेल्या पानांचा चुरा, सगळं वाऱ्यावर येतं. सगळ्यांना नाय होत काही. ज्याला झालं त्याला झालं. मला झालं — पापण्या सुजतात, मान फाटते, कोपराच्या खोबणीतून पाणी येतं. तोंड तर बघू राहिल्याच तुम्ही. असं काळं, जाड नव्हतं हो माझं तोंड. तनुजाच्या लग्नातला फोटो बघा बैठकीत, टीव्हीच्या वरचा, निळ्या साडीतली — का काढून ठेवला आज? काढलाच असंल. असो. तर दवाखान्यात सांगितलं, त्याच्यापासून लांब राहा. मी म्हणलं लांब म्हणजे कुठं, चंद्रावर? मंग ही खोली. दाराखाली गोधडी, खिडकीला ओली चादर, पंखा लावायचा नाय, कपडे बाहेर वाळू घालायचे नाय. पावसाळा लागला की मी आत, ते थेट कडक उन्हाळा येईस्तोवर. आता तुळशीचं लग्न झालं, वारं कोरडं झालं, हे तर सगळ्यात वाईट दिवस. ह्या भिंतीवर पालीचा कुठला डाग कुठं आहे ते बी मला पाठ झालंय. बैठकीतला टीव्ही मी ऐकते. बघत नाय, ऐकते. कोण सासू खाष्ट ते आवाजावरूनच कळतं.

हसल्या! बरं वाटलं बाई. आता कसं माणसासारखं बोलता येईल. हे कोणाला लागत नाय, हे डोक्यात पक्कं बसवा आधी. आतापर्यंत दोन स्थळं गेली सत्यमची याच्यापायी. पहिले लोक आले, मी साधी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले, तर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं कप उचललाच नाय. उठले, निघाले. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला की त्या घरात महारोग आहे. महारोग! अन् महारोग जरी असता तरी त्याला बी औषध आहे आता, पण लोकांना कोण सांगणार. मंग दुसऱ्या वेळेला सत्यम म्हणाला, आई, तू फक्त घंटाभर आत राहा. मी म्हणलं राहते. चांगली बसले होते. पण ते लोक विचारू लागले, आई कुठंय, अन् ह्यांनी सांगितलं — आईला जाऊन दोन वर्षं झाली. मेली म्हणून सांगितलं हो मला! म्हणजे त्यांच्या तोंडून निघून गेलं, घाबरले होते, नंतर लई पस्तावले. पण मी ऐकलं ना भिंतीतून. मी उठले, नवी साडी नेसले, कुंकू लावलं, अन् सरळ बैठकीत जाऊन उभी राहिले. नमस्कार केला. म्हणलं, मी सत्यमची आई. बस. ते स्थळ त्या दिवशीच गेलं. सत्यम माझ्याशी चार महिने बोलला नाय. जेवणाचं ताट दारात ठेवायचा, पाणी ठेवायचा, गोळ्या मोजून ठेवायचा, अन् एक शब्द बोलायचा नाय. म्हणून आज मीच म्हणलं, कडी लावा बाहेरून. माझा माझ्यावर भरोसा नाय. पिशोर बी मीच सुचवलं. निदान जिवंत तर ठेवा म्हणलं.

तुमचं बरोबर आहे, त्या गवतात इतकी काय घुटमळले मी, की एवढं व्हावं? बाकीचे बी राहतातच की या कॉलनीत. सांगते. मी फुलांचं काम करायची. औरंगपुऱ्यात मोहियोद्दीनभाईंचं फुलांचं दुकान आहे, ते सकाळी रिक्षानं गुलाब, शेवंती पाठवायचे, अन् मी घरी बसून बुके बांधायची. दिवसाला तीस-तीस. हात असा चालायचा माझा! आता बुक्यात काय असतं, चार फुलं असतात अन् मधल्या जागेत ती पांढरी बारीक फुलं भरतात, जिप्सी म्हणतात तिला. एकदा लग्नाची मोठी ऑर्डर आली अन् जिप्सी आलीच नाय. भाईंचा फोनवर फोन. मी या दारात उभी, समोर हे सगळं पांढरंशुभ्र फुललेलं. डोक्यात आलं — का नाय? विळा घेतला, शेंडे कापले, पानं ओरबाडून टाकली, गुलाबाच्या मधी खोचलं. तुम्हाला सांगते, जिप्सीनं झक मारली असती! भाईंनी हातात घेऊन बघितलं, वळखलं त्यांनी, हसले, म्हणाले, भाभी, दिमाग तो आपके पास है. मला काय वाटलं म्हणून सांगू. शाळा सातवीत सुटली माझी, कोणी म्हणलं नव्हतं असं.

मंग काय, जिप्सी बंदच झाली. शेजारच्या दगडाबाईला अन् अजून तिघीजणींना मीच शिकवलं — असं कापा, असं झटका, बी पडून जाऊ द्या. बी पडून जाऊ द्या म्हणायची मी! एका झाडाला हजारांनी बी असतं, ते आम्ही दारोदार झटकत होतो. एक गंमत सांगते. एकदा कुठलेतरी साहेब गाजरगवत उपटायच्या मोहिमेला आले होते, मंडप, माईक, सगळं. अन् त्यांच्या हातात जो बुके दिला तो माझ्या हातचा. साहेब भाषण करू राहिले की हा हिरवा शत्रू मुळासकट उपटून टाका, अन् शत्रू छातीशी धरून उभे! पेपरात फोटो आला होता. तीन वर्षं चाललं हे. आधी बोटांना खाज सुटली, मी म्हणलं साबणानं. मंग कोपर, मंग मान. तरी कापतच होते. दवाखान्यात, कशानं होतं ते बघायला, पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, एका पट्टीखाली अशी भाजल्यासारखी चकती. डॉक्टरीणबाई म्हणाली, काम काय करता? मी म्हणलं, घरकाम. का खोटं बोलले, देव जाणे. लाज वाटली. ती म्हणाली शेवंतीपासून बी लांब राहा, झेंडूपासून बी, ती सगळी त्याच गवताच्या खानदानातली. म्हणजे फुलंच गेली माझी. पोराच्या लग्नात मांडवभर झेंडू असणार, शेवंतीचे हार असणार — मी काय करणार तिथं येऊन? ते सोडा.

माऊलीचं बी माझ्यामुळंच झालं. माऊली म्हणजे भाऊ, पिशोरचा, जिच्या घरी मी आत्ता गेलेय त्या भावजयीचा नवरा. शेळ्यांची लेंडी, अंगणातला फुलांचा कचरा, सगळं मी मागं एका खड्ड्यात कुजवायची. चांगलं काळंभोर खत व्हायचं. भाऊ आला की चार गोण्या भरून द्यायची, बहिणीची आठवण म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याच्या बांधाला पांढरी फुलं. तिसऱ्या वर्षी कपाशीत. बांधावर पवना गवत असायचं, बैल सोडला की पोट भरून येणार, ते सगळं दाबून टाकलं. आता खुरपायला बाया येत नायत त्याच्या वावरात, म्हणतात अंग खाजतं, दुसरीकडं जातो. माऊली मला फोनवर सांगतो — अक्का, कुठून आलं हे रान, नाल्याच्या पाण्यातून आलं असंल का? मी म्हणते, असंल. माझा सख्खा भाऊ हो, अन् मी म्हणते, असंल.

पण सत्यम असा नाय. सत्यम तोंडावर बोलतो, एकदम स्वच्छ. तुम्ही पोरगी द्यायची म्हणता तर त्याचं हे बघा तुम्ही, बैठकीतलं काय बघता? ते प्लॉट कोणाकोणाचे आहेत ते शोधून काढलं त्यानं, एकेकाच्या घरी गेला, भांडला — तुमच्या प्लॉटवरच्या गवतानं माझी आई आत पडलीय, साफ करा. अर्जावर अर्ज दिले. कोणीतरी सांगितलं तरोटा पेरला की गाजरगवत दबतं, तर पावसाच्या आधी गोणीभर तरोट्याचं बी फेकून आला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून ते भुंगे आणले, पाठीवर पट्टे असतात, ते हेच गवत खातात — लई छान खाल्लं, अन् पाऊस सरला तसे जमिनीत जाऊन झोपले. मी म्हणलं, सत्यम, तुझे भुंगे सरकारी नोकरीतले दिसतात. हसला तो. चार महिन्यांनी पहिल्यांदा हसला होता. अन् बाकी मंग स्वतःच. सुट्टी असली की रबरी हातमोजे घालून सकाळपासून उपटतो, मिठाचं पाणी फवारतो, ढीग करतो. मी या चादरीच्या फटीतून बघते. मोठे मोजे घाल म्हणते तर ऐकत नाय, ते आखूडच घालतो, म्हणून तर मनगटाला ते चट्टे —

नाय. काही नाय.

काही नाय म्हणलं ना. डास चावले असतील. कंपनीत काहीतरी केमिकल असतं, त्यानं बी होतं. कामून अशा बघू राहिल्या? ...व्हय, फुल बाह्यांचा शर्ट घातलाय आज. थंडीचे दिवस आहेत. ...नाय, दुपारी नसते थंडी. तुम्ही लई हुशार आहात ताई. तुमच्याशी बोलायलाच नको होतं मी. बोलायची सवय गेली माणसाची की असं होतं, झाकण उघडलं की सगळंच सांडतं. आता तुम्ही जाणार, मालकांच्या कानात सांगणार, ते घड्याळ बघणार, अन् तिसरं स्थळ गेलं. अन् या खेपेला बी मीच घालवलं. कडी लावून बी मीच घालवलं!

थांबा. पाय धरते, थांबा. आता खोटं नाय बोलत. दिवाळीच्या आधीपासून आहेत चट्टे. दोन्ही मनगटांना, अन् इथं, कानाच्या मागं. माझं बी असंच सुरू झालं होतं, अगदी असंच, म्हणून मला एका नजरेत कळलं. तो म्हणतो घामोळं आहे. दवाखान्यात जात नाय. अजून कोवळं आहे ते, ताई, आत्ता जर इथून निघाला ना तर हटतं. डॉक्टरीणबाईनं मला तेच सांगितलं होतं — सुरुवातीलाच जागा बदलली असती तर तुमचं एवढं वाढलं नसतं. त्याचं वाढू द्यायचं नाय मला. सव्वीस वर्षांचं पोर आहे माझं. मला लई भीती वाटते. या खोलीत शेजारी दुसरी खाट टाकावी लागंल का काय, असं स्वप्न पडतं मला.

अन् अजून एक सांगते. हे आमच्या ह्यांना माहीत नाय, सत्यमला माहीत नाय, त्या डॉक्टरीणबाईला बी नाय. मघाशी मी म्हणलं ना, समोर फुललेलं होतं ते कापून आणलं. ते अर्धंच. लग्नं असतात चैत्र-वैशाखात. अन् चैत्र-वैशाखात हे गवत वाळून जातं, फूल मिळत नाय. मंग मी काय केलं? तुम्ही जिथं उभ्या आहात ना, त्या टाकीच्या मागं, या तुकड्यात — मी ते लावलं. वाफे केले. गाजरगवताला पाणी घातलं हो मी! आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं, आम्ही अंघोळीला तांब्या मोजून घ्यायचो, अन् भांडी धुतलेलं पाणी, कपड्यांचं पाणी, सगळं मी त्या वाफ्यांना. शेणखत घातलं. उन्हाचं जळू नये म्हणून वरून जुनी साडी बांधली. सगळ्या पडेगावात वैशाखात हिरवंगार गाजरगवत फक्त माझ्या दारात होतं. लोकांच्या इथं मोगरा असतो. अन् तिथलं बी उडालं ते या सगळ्या प्लॉटवर. ज्यांच्या ज्यांच्या दारात जाऊन माझं पोर भांडलं, ते सगळे खरंच निर्दोष होते. एक म्हातारे गुरुजी होते, ते म्हणाले, अरे बाळा, माझ्या प्लॉटवर आधी असं नव्हतं. सत्यम त्यांना उलटून बोलला. मला येऊन सांगत होता, कसा गप केला म्हाताऱ्याला. अन् मी इथं बसून म्हणलं, बरं केलंस.

मी सांगणार होते. रोज सांगणार होते. पण ते सांगितलं तर तो काय उपटत बसंल? माझ्यासाठी उपटतो ना तो. तेवढंच तर दिसतं मला या खिडकीतून.

नका रडू. तुम्ही कामून रडता? पोरीच्या आईनं एवढं कच्चं असून कसं चालंल? ऐका, आता खरं काम आहे तुमच्याकडं. स्थळ मोडू नका. पोरगा वाईट नाय माझा. पोरगी द्या, पण या घरात नका देऊ. अट घाला. आत्ता बैठकीत जाऊन बसा अन् म्हणा — आमची सायली वेगळ्या बिऱ्हाडात नांदंल. शहरात, औरंगपुऱ्याकडं कुठंबी, जिथं चारी बाजूनं सिमेंट आहे अन् मातीचा कण नाय, तिथं वरच्या मजल्यावर. सासू-सासऱ्याजवळ राहणार नाय. असं स्पष्ट म्हणा. मी म्हणून बघितलंय त्याला, दहा वेळा. तो म्हणतो तू चल तर मी येतो, नाय तर नाय. बाप म्हणतो मी माझ्या हातानं बांधलेलं घर सोडत नाय. दोघं बी अडून बसलेत अन् मी मधी. पण पोरीकडची अट असली तर गोष्ट वेगळी. त्याला सायली आवडलीय. मोबाईलमधला फोटो मला दाराच्या फटीतून दाखवला त्यानं, तव्हा कळलं. तिच्यासाठी निघंल तो. चिडंल, पण निघंल.

मी बी त्यांच्यासोबत जावं म्हणता? तुम्ही म्हणाल याची वाटच बघत होते. गेले होते मी, तनुजाकडं, सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर. महिनाभर राहिले. ताई, कातडी अशी मऊ झाली, तोंड उजळलं, मी आरशासमोरून हलेना. पण तिच्या सासूनं माझं ताट वेगळं ठेवलं होतं. तांब्या वेगळा. नातवाला माझ्या मांडीवरून उचलून न्यायची, हळूच, हसत हसत, काहीतरी निमित्त काढून. तनुजा बघायची अन् खाली मान घालायची. तिला रोज अशी खाली मान घालताना बघण्यापेक्षा मीच म्हणलं, मला घरी सोडा. आता नव्या सुनेच्या दोन खोल्यात जाऊन बसू? ती चांगली असंल, तुमचीच आहे. पण तिच्या मनात एकदा जरी आलं अन् सत्यमला ते दिसलं — नको. इथं माझं ताट मला आहे. हे म्हणतात तसं, सवय झालीय.

लोक तुम्हाला नावं ठेवतील, ते माहीत आहे मला. म्हणतील काय बाई आहे, अजून सुपारी फुटली नाय अन् पोराला आईपासून तोडायला निघाली. सत्यम तर मनात तुमचा रागच धरंल, कदाचित जन्मभर. माझं नाव काढायचं नाय मात्र, काय वाट्टेल ते झालं तरी. अट तुमची. मी मागितली हे त्याला कळलं तर तो मोजे घालून पुन्हा त्या प्लॉटवर जाऊन उभा राहील. तुम्ही वाईट व्हा. माझ्यासाठी नाय, तुमच्या पोरीसाठी व्हा — तिचा नवरा धडधाकट पाहिजे ना तुम्हाला? मंग.

ते बघा, हाक मारू राहिले तुम्हाला. डोळे पुसा. पदर झटकून घ्या, इथं नको, तिकडं पुढं जाऊन झटका. कडीला हात लावू नका बाई, विहीणबाई, सोडा ती कडी — नाय उघडायची, म्हणलं ना नाय उघडायची! तुमच्या हातानं दार उघडलं तर मी आजबी बैठकीत जाऊन उभी राहीन, मला माहीत आहे. सोडली? हां. जा आता. वारं सुटलंय, खिडकी लावते मी.